ओला कागद

ओल्या हाताने कागदाला शिवायचं नाही, हा आमच्या घरातला पहिला नियम होता. वाईतल्या एका छोट्या छापखान्यात बाबा बाइंडर होते. छापून आलेल्या फर्म्यांच्या, म्हणजे अनेक पानं एकत्र छापलेल्या मोठ्या कागदांच्या, घड्या घालायच्या, ते जुळवायचे, दाभणाने टोचून शिवायचे, खळ लावून पुठ्ठा चढवायचा आणि रात्रभर दाबाखाली ठेवायचं, हे त्यांचं काम. घरी यायचे तेव्हा त्यांच्या बोटांच्या पेरांत खळ वाळलेली असायची. जेवून उठल्यावर हात खडखडीत कोरडे केल्याशिवाय आम्हा बहिणींना पुस्तक हातात मिळायचं नाही. पावसाळ्यात कृष्णेचं पाणी घाटावर चढू लागलं की बाबा आधी छापखान्यात धावायचे, कागदाची रिमं वरच्या फळीवर टाकायला.

त्यामुळे यंदाच्या मे महिन्यात माझी लेक बादलीभर पाण्यात तिसरीच्या वहीची पानं फाडून टाकायला बसली, तेव्हा माझ्या पोटात कालवलं. कल्पना माझीच होती, बादली मीच भरून दिली होती, तरीही. कागद पाण्यात बुडवायचा, हे माझ्या हातांना मान्य होत नव्हतं.

कल्पनेमागे एक सल होता. आदल्या वर्षी शाळेने ‘टाकाऊतून टिकाऊ’ असं काहीतरी करून आणायला सांगितलं होतं. एका रिकाम्या बाटलीवर चिकटवायला आम्ही दुकानातून चमकी, रंगीत टेप, फोमची फुलं, मणी असं साडेतीनशे रुपयांचं नवं सामान आणलं. प्रदर्शन झालं, टाळ्या मिळाल्या. पंधरा दिवसांनी बाटली घरी आली ती कुठल्याच कामाची नव्हती. काचेत टाकावी तर अंगभर प्लास्टिक, प्लास्टिकमध्ये टाकावी तर आत काच. लेकीने विचारलं, “आई, आता हिला कोण घेणार?” मला उत्तर देता आलं नाही. मुलांकडून जे करून घ्यायचं ते खरं असावं, असं मला फार मनापासून वाटतं. म्हणून यंदा दोनच अटी घातल्या. नवं काही विकत आणायचं नाही, आणि झालेली वस्तू कामाला आली पाहिजे. काम लेकीनेच ठरवलं. वाईच्या आजीला पत्र लिहायचं, आपण केलेल्या कागदावर.

सुट्टीला माझा सहा वर्षांचा भाचा आला होता. त्याला पत्राबित्रात रस नव्हता, पण पाणी आणि फाडाफाडी म्हटल्यावर तो पहाटेपासून तयार होता.

आधी वह्यांतली कोरी पानं बाजूला काढली. आमच्या लहानपणी एप्रिलअखेरीला हा सोहळाच असायचा. वर्षाच्या वह्या मांडून बसायचं, उरलेली कोरी पानं अलगद सोडवायची आणि बाबा त्यांची कच्ची वही शिवून द्यायचे. एकरेघी, दुरेघी, चौकटीची, सगळी पानं एकत्र. गणिताच्या पानावर मराठीची कविता यायची. यंदा मी तशीच एक वही शिवली. दाभण बाबांचंच आहे. उरली ती दोन्ही बाजूंनी भरलेली पानं. त्यांच्या पिना काढल्या, गुळगुळीत वेष्टनं वेगळी केली. त्या वेष्टनांवर चिनी मातीचा लेप आणि वर प्लास्टिकचं पापुद्र्यासारखं आवरण असतं, ते पाण्यात विरघळत नाही. दुकानातल्या बिलांच्या पट्ट्याही मी काढून टाकल्या. त्या कागदाला उष्णतेने काळं होणारं रसायन लावलेलं असतं, ते मुलांच्या हातात भिजवायला नको.

बाकीची पानं बोटाच्या पेराएवढे तुकडे करून रात्रभर भिजत घातली. सकाळी बादलीत निळसर करडं पाणी होतं आणि तळाशी पाढे, जलचक्र, ‘माझा आवडता सण’ असं सगळं एकमेकांत मिसळून बसलं होतं. लेकीने एक तुकडा उचलून वाचायचा प्रयत्न केला. बोटांत धरताच तो तुटला.

जुन्या मिक्सरच्या भांड्यात मूठभर भिजलेला कागद, भांडं पाऊण भरेल इतकं पाणी, आणि थांबत थांबत अर्धा मिनिट फिरवायचं. पाणी कमी पडलं तर पातं अडतं. घट्ट लापशीसारखं जे तयार झालं त्याला पुस्तकात काहीही म्हणोत, आमच्याकडे त्याला लगदा म्हणतात. संध्याकाळी आईशी फोनवर बोलताना लेकीने तो शब्द उच्चारला मात्र, आणि पलीकडून आईचा आवाज एकदम तरुण झाला.

“लगदा केलास? मेथ्या घातल्यास का गं त्यात?”

आजीला सगळं सांगायचं नव्हतं, पत्र ही गंमत राहायला हवी होती. पण आता आई थांबेना. तिच्या माहेरी वर्षाची रद्दी उन्हाळ्यात भिजवत. चार-पाच दिवस मुरली की भिजवलेल्या मेथ्या घालून उखळात कुटत, घाट्यासारखी मऊ होईतो. मग पातेलं पालथं घालून त्यावर फडकं पसरायचं आणि लगदा थापत थापत खाली आणायचा. दोन-तीन उन्हं दाखवली की पातेल्यावरून टोपली सुटून यायची. मेथीने चिकटपणा येतो, आणि तिच्या कडूपणामुळे कीड लागत नाही असा बायकांचा भरवसा. वरून गेरू, चुन्याची नक्षी. आमच्या माजघरात लसणाची अशी एक टोपली होती. मी ती कायम पाहिली, पण ती कागदाची आहे हे मला चाळिशी उलटल्यावर त्या संध्याकाळी कळलं. “आहे अजून,” आई म्हणाली, “तुझ्या जन्माआधीची आहे.”

आईच्या बोलण्यात एक शब्द होता, कुटणं. त्याचं महत्त्व मला नंतर कळलं. मिक्सरचं पातं कागदाचे धागे कापतं. उखळ किंवा खलबत्ता ते चेचतो, फुलवतो. धागा लांब राहतो आणि त्याला बारीक तंतू सुटतात, ते एकमेकांत अडकतात. आम्ही एका घाण्याचा लगदा खलबत्त्यात कुटून पाहिला. हात भरून आले, पण त्याचा कागद मिक्सरच्या कागदापेक्षा निश्चितच चिवट झाला. दोन्ही कागद शेजारी धरून फाडायला दिले तेव्हा भाच्याला डोळे मिटूनही फरक कळला.

आता चौकट. फोटोच्या दोन जुन्या सारख्या मापाच्या चौकटी माळ्यावर होत्या, वहीच्या पानाएवढ्या. एकीवर खिडकीच्या मच्छरदाणीच्या जाळीचा उरलेला तुकडा ताणून पिनांनी ठोकला. दुसरी तशीच, नुसती कड म्हणून वर ठेवायची. भाच्याला मी माझी भरतकामाची रिंग दिली, तिच्यात जाळी अडकवून. कपडे भिजवायच्या पसरट टबात दहा लिटर पाणी घेऊन लगदा त्यात सोडला. हाताने ढवळलं की ढग उठतो, थांबलं की बसतो. चौकट जोडी तिरकी आत घालायची, तळाशी आडवी करायची आणि सरळ वर उचलायची. वर येताना पाणी जाळीतून गळतं आणि धागे जाळीवर राहतात.

सांगायला एवढंच. पहिले सात-आठ कागद फुकट गेले. एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला भोकं. लेक घाईने उचलायची, लगदा एका कोपऱ्यात जमायचा. मग ती चौकट पुन्हा पाण्यावर पालथी घालून लगदा धुऊन टाकायची आणि पुन्हा ढवळायची. हे या कामातलं मला सगळ्यांत आवडलेलं आहे. बिघडलेला कागद वाया जात नाही, परत टबात जातो. चित्र बिघडलं की पान फाडून रडणारी माझी मुलगी तासभर चौकट बुडवत होती, एकदाही वैतागली नाही. नवव्या की दहाव्या वेळी तिने चौकट उचलली आणि पाणी गळत असताना तिला आपोआप एक हलका झोका दिला, आधी पुढेमागे, मग डावीउजवीकडे. थर सारखा झाला. तिला हे कोणी शिकवलं नव्हतं. भाच्याच्या रिंगेतून गोल कागद निघत होते, त्यांना तो भाकरी म्हणत होता.

जाळीवरचा ओला थर जुन्या सुती साडीच्या तुकड्यावर उलटा टेकवायचा, मागून स्पंजने पाणी टिपायचं आणि जाळी एका कडेने अलगद उचलायची. थर कापडावर राहतो. त्यावर दुसरं कापड, त्यावर दुसरा थर. अशी दहा-बारा थरांची चवड झाली की दोन पोळपाटांमध्ये ठेवून वर मुलांना बसवलं. पाण्याचा लोट आला.

वजन करायचं मात्र माझ्या डोक्यात आलं. स्वयंपाकघरातल्या काट्यावर आधी छपाईचा एक साधा ए-फोर कागद ठेवला. पाच ग्रॅम. मग आमचा नुकता दाबलेला ओला कागद. तीस ग्रॅमच्या आसपास. काचेच्या खिडकीवर चिकटवून चार तासांनी सोलला, पुन्हा काट्यावर ठेवला. पाच ग्रॅम. म्हणजे एका ए-फोर कागदाचा आमचा एक कागद होतो, आकाराने निम्मा आणि दुप्पट जाड. बाकी सगळं पाणी होतं. लेकीने विचारलं, “मग चिकटलं कसं? आपण डिंक तर घातलाच नाही.”

या प्रश्नासाठी मी सगळा उन्हाळा द्यायला तयार होते. कागद म्हणजे सेल्युलोजचे धागे, लाकडातून, कापसातून, तागातून आलेले. पाण्यात ते सुटे तरंगतात. पाणी निघून जायला लागलं की जाता जाता ते धाग्यांना एकमेकांकडे ओढून घेतं, इतकं जवळ की धागे स्वतःच एकमेकांना धरतात. रसायनशास्त्रात त्याला हायड्रोजन बंध म्हणतात. पाणी परत आलं की ते त्या पकडीत शिरतं आणि धागे सुटतात. म्हणून ओला कागद सहज फाटतो. बाबा आयुष्यभर पाण्याला घाबरले, आणि त्यांचा प्रत्येक कागद पाण्यानेच बांधलेला होता. हे त्यांना सांगायला मला आवडलं असतं. त्यांना कदाचित माहीतही असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी कचरा न्यायला मावशी आल्या. आमच्या इमारतीत दहा-बारा वर्षं त्याच येतात. ओला कचरा, सुका कचरा, आणि सुक्यातला कागद दारातच वेगळा करतात. त्या दिवशी पिशवीत हात घालून त्या थांबल्या.

“ताई, औंदा वह्या न्हाईत व्हय?”

मला क्षणभर कळलं नाही. मग कळलं. एप्रिल-मे महिन्यांत घराघरांतून वह्या निघतात. वहीचा पांढरा कागद भंगारच्या दुकानात वर्तमानपत्रापेक्षा, पुठ्ठ्यापेक्षा वेगळा मोजतात. आम्ही ‘टाकाऊ’ म्हणून ज्यांचा लगदा केला त्या वह्या टाकाऊ नव्हत्याच. त्या या बाईंची दरवर्षीची मिळकत होती.

लेकीने त्यांना हात धरून आत आणलं आणि टब दाखवला. मावशींनी पाण्यात बोटं घालून लगदा चोळला. “वहीचा कागद हाय,” त्या म्हणाल्या. बघून नव्हे, चोळून. मग लेकीकडे बघून सांगू लागल्या, “बाळा, आमाला कागद ओला झाला की संपलं. पावसात भिजला तर दुकानदार घेत न्हाई, घेतला तर वजन कापतो. म्हनून मी पावसाळ्यात कागदाचं पोतं आदी झाकते, मंग डोकं.” खिडकीवर वाळत लावलेला कागद त्यांनी लांबूनच पाहिला, हात लावला नाही. “चांगला झालाय,” म्हणाल्या आणि पुढच्या जिन्याला लागल्या.

पुण्यात १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. कचरा वेचणाऱ्या बाया तिच्यात एकत्र आल्या आणि आपण करतो ते काम आहे, हे त्यांनी शहराकडून मान्य करून घेतलं. त्या संघटनेच्या नावातला पहिला शब्द कागद आहे. घरी केलेल्या कागदाने झाडं वाचतात, असं मुलांना सांगण्याची पद्धत आहे. आमच्या दोन दिवसांच्या खटपटीतून पाव किलोही कागद झाला नसेल. मावशी एका सकाळी त्याच्या कितीतरी पट कागद कोरडा, निवडलेला, बांधलेला गिरणीच्या वाटेला लावतात. आपल्याकडे कागदाचं पुन्हा कागद होणं त्यांच्या हातांवर उभं आहे. मुलांना खरं सांगायचं तर हे आधी सांगायला हवं, आणि मी सांगितलं नव्हतं.

लेकीने उरलेल्या पाच वह्या पुन्हा बांधून दारामागे ठेवल्या. मग आम्ही कच्चा माल बदलला. जो कागद मावशींच्या कामाचा नाही तोच घ्यायचा. तेल लागलेला नाही, पण चुरगळलेला, चिंध्या झालेला, कडांचे कपटे, पेन्सिलीला टोक काढताना खाली अंथरलेला कागद. आणि अंड्यांचे ट्रे. ते मुळातच रद्दीचे केलेले असतात. प्रत्येक फेऱ्यात कागदाचा धागा तुटून आखूड होत जातो, पाच-सात फेऱ्यांनंतर त्याच्यात पकड उरत नाही. ट्रेच्या लगद्यात थोडे वहीच्या कपट्यांचे लांब धागे मिसळले की छान करडा, जाड कागद होतो. रंगासाठी हळद घातली, ती उन्हात उडाली. झेंडूच्या पाकळ्या दोन दिवसांत तपकिरी झाल्या. कांद्याची सालं मात्र टिकली, तांबूस पापुद्रे कागदात जसेच्या तसे. उरलेला लगदा मोरीत ओतायचा नाही, नळी तुंबते. फडक्यात पिळून त्याचे गोळे उन्हात वाळवून ठेवले, पुन्हा भिजवता येतात.

शेवटी चांगले सहा कागद हातात आले. लेकीने शाईचं पेन काढलं, ‘प्रिय आजी’ लिहिलं आणि पेन खाली ठेवलं. प्रत्येक अक्षराला मुळ्या फुटल्या होत्या. ‘आजी’चा ‘जी’ वाचताच येत नव्हता.

ती रडली नाही, पण फार वेळ गप्प बसली. आणि मला माझ्या बाबांच्या बोटांच्या पेरांची आठवण झाली.

खळ. आमचा कागद म्हणजे टीपकागद होता, शाई दिसेल तिकडे शोषून घेणारा. धाग्यांमधल्या वाटा बुजवायला त्याला खळ द्यावी लागते. आईला फोन लावला, कशासाठी ते न सांगता. तिने सांगितलं, तांदळाची पिठी गार पाण्यात कालवायची, गुठळी राहता कामा नये, मग मंद आचेवर ढवळत पारदर्शक होईपर्यंत शिजवायची आणि गाळायची. बाइंडिंगला घट्ट लागते, कागदाला पातळ, ताकासारखी. बाबा तिच्यात चिमूटभर मोरचूद घालायचे, कागद खाणारी कसर लागू नये म्हणून. मोरचूद विषारी, मुलांच्या कामात तो नको, म्हणून आम्ही वगळला. आमच्या कागदाला कसर लागेल तेव्हा लागेल. रुंद ब्रशने दोन्ही बाजूंना खळ दिली, पुन्हा वाळवलं. कागद आता खडखडीत वाजू लागला, पण खरखरीत होता, निब अडखळत होती.

पुढची पायरी लेकीला शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेतून परतताना सापडली. तिथे मी तिला मुद्दाम नेलं. गांधीजींनी १९३४ साली अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ काढला, वर्ध्याच्या मगनवाडीत जे. सी. कुमारप्पांच्या देखरेखीखाली खेड्यातल्या उद्योगांचे प्रयोग सुरू झाले, त्यांत हातकागदही होता. त्याच प्रेरणेतून के. बी. जोशी यांनी १९४० साली पुण्याची ही संस्था उभी केली. संस्थेच्या रस्त्याला आज त्यांचंच नाव आहे. इथला कागद झाडाचा नाही, सुती कापडाच्या कात्रणांचा. आम्ही गेलो तेव्हा एक कारागीर हौदाशी उभे होते. त्यांनी चौकट बुडवली, उचलली, आणि एक झोका दिला. पुढेमागे, डावीउजवीकडे. लेकीने माझा हात घट्ट दाबला. ती काहीच बोलली नाही, मीही नाही.

तिथून येताना मी तिला कसब्यातल्या कागदीपुऱ्याची गोष्ट सांगितली. आज तिथे कागद होत नाही, नाव उरलंय. जुन्नर हे कागदाचं जुनं ठिकाण. दौलताबादेजवळ कागजीपुरा नावाचं गाव आहे, तिथली परंपरा चौदाव्या शतकात दौलताबाद राजधानी झाली त्या काळाशी जोडतात. हे कागदी बहुतेक मुसलमान कारागीर. जुन्नरी, दौलताबादी अशी त्यांच्या कागदाची नावं असत. पेशवे दप्तरात मोडी कागदांचे हजारो रुमाल, म्हणजे कापडात बांधलेली गाठोडी, आहेत, ते अशाच हातांनी केलेल्या कागदावर टिकलेत. आणि तो कागद कशाचा होता? तागाचा, दोरखंडांचा, पुढे एकोणिसाव्या शतकात तर जुन्या गोणपाटांचा. फाटलेली गोणपाटं तुकडे करून चुन्यात मुरवायची, पायाने चालवायच्या जड उखळीत कुटायची, नदीवर धुवायची, पुन्हा कुटायची. असं कित्येक दिवस. मग हौदात गवताच्या काड्यांच्या चटईवर थर उचलायचा, भिंतीला लावून वाळवायचा, खळ द्यायची आणि गुळगुळीत दगडाने घोटायचा. त्या काळात ‘टाकाऊतून टिकाऊ’ असं कोणी म्हणत नव्हतं. कागद करायची रीतच ती होती. गिरणीचा स्वस्त कागद आला आणि हे हात रिकामे झाले. मला त्यांच्याबद्दल फार वाईट वाटतं, आणि ते वाटतं म्हणून मी मुलीला ती गोष्ट सांगते.

“घोटायचा म्हणजे?” तिने विचारलं.

मेणवलीच्या घाटावरून तिने मागच्या दिवाळीत एक काळा गोटा उचलून आणला होता, कृष्णेने घासून तुळतुळीत केलेला. त्याला तेव्हापासून टेबलावर काही काम नव्हतं. कागद पाटावर ठेवून, किंचित दाब देऊन तो एकाच दिशेने फिरवायचा. दहा मिनिटांत दंड दुखायला लागतात. भाच्याने दोन मिनिटांत सोडून दिलं, लेकीने तीन संध्याकाळी एक कागद घोटला. आधी काहीच होत नाही असं वाटतं. मग तिरक्या उजेडात एक पट्टा चमकतो. त्यावरून बोट फिरवलं की मध्येच खरखर थांबते. ते बोटाला कळतं तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी जपून ठेवलंय.

पत्र त्याच कागदावर गेलं. अक्षरं जागच्या जागी उभी राहिली, फक्त एका ठिकाणी कांद्याच्या सालीवर शाई थोडी फिस्कटली. पाकीट बाकीच्यांतल्या दोन कागदांचं. टपालपेटीत टाकण्याआधी लेकीने ते प्लास्टिकच्या पिशवीत घातलं, कारण आभाळ भरून आलं होतं.

चार दिवसांनी आईचा फोन आला. ती पत्राबद्दल काहीच बोलेना. खूप वेळाने म्हणाली, “उजेडात धरून बघितला गं. ह्यांच्यासारखी खळ दिलीय पोरीनं.” मग फोन ठेवून दिला.

मेच्या अखेरीला वळवाचा पाऊस आला. दुपारी चारला अंधारून आलं, धूळ उठली, आणि टपोरे थेंब सुरू झाले. मी तारेवरचे कपडे काढायला गॅलरीत धावले. लेक माझ्या आधी तिथे पोचली होती. कपड्यांकडे तिने पाहिलंही नाही. कोपऱ्यात मावशींसाठी ठेवलेलं रद्दीचं पोतं ती दोन्ही हातांनी ओढत होती. मी एक टोक धरलं. उंबऱ्याच्या आत आल्यावर तिने पोत्यात खोलवर हात घातला आणि चाचपून पाहिलं.

“कोरडा आहे,” ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बेल वाजली. मावशींच्या हातात निथळणारं एक गाठोडं होतं. पलीकडच्या इमारतीत कोणीतरी वह्या उघड्यावर ठेवल्या होत्या, रात्रभर भिजून त्यांचा गोळा झाला होता.

“ह्यो माझ्या कामाचा न्हाई,” त्या लेकीला म्हणाल्या. “तुझ्या कामाचा हाय.”

लेकीने दोन्ही ओंजळी पुढे केल्या. भाचा बादली आणायला आत पळाला.